हात आधी की इच्छा आधी

प्रिय अपू,

मराठीत लिहिलंय म्हणून कपाळाला हात लावू नकोस. सावकाश वाच. अडलीस तर मोठ्याने वाच, तुझ्या कानांना सगळं कळतं. फोनवर मी 'जेवलीस का, थंडी किती आहे' यापलीकडे जात नाही आणि तू 'ऑल गुड, मम्मा' म्हणून मोकळी होतेस. एडिनबराला गेल्यापासून आपलं बोलणं एवढंच उरलंय. आज मला जरा ऐसपैस बोलायचंय.

माझ्या जबल अली बंदरावरच्या ऑफिसातली उझमा तुला माहीत आहे. आम्ही एकाच गाडीने जातो-येतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती म्हणाली, "शोभना, सॅटरडे को घर बैठ के दीवारें क्या देखती हो? यल्ला, चलो मेरे साथ." दुबईच्या 'बर दुबई' भागात एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं महिन्यातून एकदा जमतात. माणसाला पूर्वापार पडत आलेला एक प्रश्न घ्यायचा आणि आजचे अभ्यासक त्याबद्दल काय म्हणतात ते वाचून येऊन सोप्या भाषेत सांगायचं, एवढाच त्यांचा नेम. कुणी डेंटिस्ट, कुणी काँट्रॅक्टर, कुणी बँकेतलं. मी गेले ती, खरं सांगते, तिथल्या थंडगार एसीसाठी.

त्या दिवशी एमान नावाची इमिराती ग्रंथपाल बोलली. माणूस पहिल्यांदा बोलायला कसा लागला? दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या भाषाशास्त्रज्ञांच्या एका संस्थेने म्हणे या विषयावर लिहायलाच बंदी घातली होती, कारण नुसत्याच गप्पा, पुरावा कुठेच नाही. आता भाषा, जनुकं, माकडं असं सगळं अभ्यासणारे लोक एकत्र बसून तोच प्रश्न सोडवतायत, आणि तरी एकमत नाही. कुणी म्हणतं आधी हातवारे, कुणी म्हणतं आधी आवाज. एकमत नाही हे ती इतक्या आनंदाने सांगत होती की मला गंमत वाटली. आमच्या ऑफिसात एका कागदावर दोन आकडे आले तर माल बंदरात अडकतो!

पुढच्या महिन्यात देवदत्त सर बोलले. शारजाच्या एका शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याचे. विषय होता काळ. भौतिकशास्त्राच्या मूळच्या बहुतेक नियमांना काल आणि उद्या यात फरक कळत नाही म्हणे. मग चहा गारच का होतो, आपोआप गरम का होत नाही, यावर ते बोलत राहिले. मी न राहवून विचारलं, "सर, मग मला कालचं आठवतं, तसं उद्याचं का नाही आठवत?" सगळे हसले. ते नाही हसले. म्हणाले, "बाई, याच प्रश्नावर आजही मोठमोठे लोक भांडतायत. तुम्ही पुढच्या वेळी बोलायचं."

झालं! माझ्यासारखीने, जिने कॉलेज सोडल्यापासून बिल ऑफ लेडिंग आणि जहाजावरच्या मालाच्या कागदांशिवाय काही वाचलं नाही, तिने तत्त्वज्ञानावर बोलायचं. पण विषय मीच निवडला. आपण ठरवतो ते आपणच ठरवतो का? देवदत्त सर मदतीला होते. अब्रात, त्या लाकडी होडीत बसून खाडीच्या या काठावरून त्या काठावर जाताना आम्ही इतकं तावातावाने भांडायचो की एकदा अब्रावाल्याने मध्ये पडून, "हबीबी, घर जाके लड़ो" असं सांगितलं. त्याला आम्ही नवरा-बायको वाटलो. मी लाजेने पाण्याकडे बघत बसले.

माझ्या शनिवारी हॉल गच्च भरला होता. मी सांगितलं, एका जुन्या प्रयोगात असं दिसलं की हात हलवायची इच्छा माणसाला जाणवण्याआधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली असते. म्हणजे इच्छा नंतर, असं लोक म्हणू लागले. मग नव्या संशोधकांनी शंका काढली, की ती हालचाल म्हणजे निर्णय कशावरून? मेंदूत सतत चाललेली कुजबुज असेल, ती वाढत वाढत एकदा काठावरून सांडते, इतकंच. आणि बरेच तत्त्वज्ञ म्हणतात, हात हलवणं हा कुठला निर्णय? खरा निर्णय माणूस महिनोन् महिने, कारणं तपासत घेतो. इथे उदाहरण हवं होतं, आणि माझ्या तोंडून तुझे बाबा निघाले. शैलेंद्र गेल्यावर सगळे म्हणाले पुण्याला परत ये, पण मी इथे राहिले, तो माझा निर्णय होता.

टाळ्या झाल्या. मग देवदत्त उठले. "तो निर्णय होता, की नुसती सवय?"

अपू, मला इतका राग आला! सगळ्यांदेखत! खलास. मी त्यांचे फोन घेणं बंद केलं. अब्रा नाही, शनिवार नाही. मग एका दुपारी सिक्युरिटीचा फोन आला, "मॅडम, कोई सर आए हैं, उनके पास पास नहीं है." आधी मेट्रो, मग बस करून, ऑगस्टच्या उन्हात, आमच्या फ्री झोनच्या गेटाशी देवदत्त उभे होते. शर्ट घामाने चिंब. म्हणाले, "तो प्रश्न तुमच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. आधी बहिणींची लग्नं, मग आईचं आजारपण, मग इथली नोकरी. मी एकटा राहिलो ते ठरवून की सवयीने, हे मला आजवर कळलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं." मी त्यांना आधी पाणी पाजलं. वर खिडकीत उझमा आणि सगळं ऑफिस बघत होतं.

तेव्हापासून त्या प्रश्नावर मी खूप विचार केला. पहिलं वर्ष तरी ती सवयच होती. बाबांचा टूथब्रशसुद्धा मी हलवला नव्हता. पण नंतर मी नोकरी बदलली, गाडी शिकले, तुला एकटीने विमानात बसवलं, तेव्हा मी इथे राहणं रोज नव्याने ठरवत होते. हे मी देवदत्तला सांगितलं. मग त्याने मला एक विचारलं, आणि मी त्याला म्हटलं, मला घाई करायची नाही.

घाई केली नाही. पूर्ण हिवाळा आणि पुढचा उन्हाळा घेतला. त्याच्या हातचे पोहे कच्चे असतात, तो वाद हरल्यावर मुलासारखा रुसतो, बाबांचा फोटो भिंतीवर आहे तिथेच राहावा हे त्याने माझ्याआधी म्हटलं. सगळं बघून, गेल्या शुक्रवारी मी हो म्हटलं. डिसेंबरात, तुझ्या सुट्टीत, लग्न करायचं आहे. मी परवानगी मागत नाहीये, बातमी देतेय, आणि जगात सगळ्यांच्या आधी तुला देतेय. उझमालाही अजून माहीत नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू 'ओके, मम्मा' म्हणाली असतीस, आणि त्या 'ओके'च्या आत काय आहे हे मला कधीच कळलं नसतं. रडू आलं तर रड. माझ्याशी भांडायचं असेल तर समोर बसून भांड. रागावून आलीस तरी चालेल, पण ये.

तुझीच,
आई