दोर धरलेला हात

प्रिय ताई,

अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझंच आहे. चार वर्षांनी उजव्या हाताने पेन धरलंय. चार ओळी झाल्या की बोटं आखडतात, मग जरा थांबतो. हे पत्र तीन दिवस चाललंय.

इमारत रंगवताना गच्चीवरचा दोर अडकवायचा आकडा तुटला, भाऊजी चौथ्या मजल्यावरून पडून गेले आणि त्यांच्या टांगत्या फळीचा दोर माझ्या मुठीतून सरकत गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तळहात महिन्यात भरून आला. दुखणं तेवढं राहिलं. शर्टाची बाही घासली तरी भाजल्यासारखं व्हायचं. फोटो काढले, रक्त तपासलं, सगळं धड. एक डॉक्टर म्हणाला, हे मनाचे खेळ आहेत, तेव्हा तू त्याच्यावर अशी उखडलीस की बाहेरचे पेशंट आत डोकावले. ज्या हाताने माझ्या नवऱ्याला वाचवायला दोर धरला, त्याला खोटं म्हणायचं नाही, असं ठणकावलंस. आठवड्यातून तीनदा कारखान्यातून सुटलीस की दोन बस बदलून यायचीस, हात मांडीवर घेऊन तेल चोळायचीस. तेव्हाच सगळ्यात जास्त दुखायचं. तुला वाटायचं, तुझा हात जड आहे.

नवी व्यायामवाली बाई वेगळी निघाली. आधी नुसता कापूस धरायला दिला, मग टॉवेल, मग सुतळी. सुतळीला मला दरदरून घाम फुटला. ती म्हणाली, "दुखणं शंभर टक्के खरं आहे. जखम भरली, पण मेंदू अजून पहारा देतोय. कशाच्या भीतीने, ते तुम्हालाच ठाऊक." पाच आठवडे मी तिला आकड्याचीच गोष्ट सांगितली. सहाव्या आठवड्यात खरं बोललो. बोललो आणि बरा झालो, असं काही नाही. उलट दोन दिवस हात नुसता पेटला होता. मग मात्र हळूहळू सैलावू लागला. आता शर्टाची बटणं लावतो.

सोमवारी तुझा निरोप आला, की नोकरी सोडतेस, खोली रिकामी करतेस, यापुढे माझ्याकडेच राहून माझं करणार. म्हणून लिहावं लागतंय. आकडा त्या दिवशी तुटलाच नाही. तो आधीच गंजून मोडला होता, म्हणून दोर खांबाला गुंडाळायचं ठरलं होतं. भाऊजींनी कठड्याबाहेर फळीवर बसता बसता विचारलं, "वेढा घातलास का रे?" नव्हता घातला. दुपारच्या आत भिंत संपवायची घाई होती, मला वाटलं, तेवढं हाताने पेलेल. म्हणालो, "घातलाय, बसा बिनधास्त." ते बसले. आणि दोर सरकायला लागला तेव्हा मी तो धरून ठेवला नाही, ताई. भाजलं, तशी मूठ सोडली. हे वाच, मग काय ते ठरव. खोली मात्र एवढ्यात सोडू नकोस.

म्हणू देशील तोवर तुझाच,
धाकटा