बारा महिने तोच ओढा

आई,

आज माझ्या लेकीने विचारलं, "तू मला इतक्या लहानपणी पोहायला का घातलंस गं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर दादापासून सुरुवात करावी लागते, आणि दादाबद्दल मी तुझ्याखेरीज कुणाशी कधी बोललेच नाही.

बाबांची गिरणी संपात बंद पडली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात दादा गेला. कॉलेजातल्या मित्रांबरोबर नॅशनल पार्कात गेला होता. आपल्या बोरिवलीच्या चाळीच्या गॅलरीतून तिथला डोंगर दिसायचा, त्यामुळे तिकडे जाण्याचं कुणाला काही वाटायचंच नाही. ओढ्यात पाय घसरला आणि त्याला पोहता येत नव्हतं. एवढीच हकिकत. तेरावं झाल्यावरच्या रविवारी तू मला म्हणालीस, "चल गो, जरा जावन येवया." तू कामाला जायचीस त्या कारखान्याला रविवारी सुट्टी असायची. मग दर रविवारी त्या ओढ्यावर जायचा आपला नेमच झाला. बाबा मात्र एकदाही आले नाहीत. आपण चपला घातल्या की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे.

पावसात पाणी लाल, गढूळ असायचं, आणि आवाज इतका की शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नसे. "मावशी, पाण्याजवळ नको हां," गेटवरचा रखवालदार सांगायचा. तू मान डोलवायचीस आणि सरळ पाण्याजवळ जाऊन बसायचीस. नवरात्राच्या सुमारास ओढा नितळ झाला. मी चपला काढून पाय बुडवते, गारगार लागतं, हसूच येतं मला, आणि तू मला मागे खेचून फाडकन मुस्काटात मारतेस. मग तोच गाल कुरवाळत मोठ्याने रडतेस. चाळीत तुला कुणी धड रडूही दिलं नव्हतं. जरा डोळे भरले की कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणायचं, "धाकटीकडे बघ." तू दर रविवारी इथे का येतेस, ते मला त्या दिवशी कळलं.

थंडीत धार बारीक झाली, सागाची पानं गळून पायवाटेवर कुरकुरू लागली. शिमग्याला पांगारा लालभडक फुलला होता. तू त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. चैत्रात गेलो तर ओढ्यात नुसते दगड. दादा सापडला ती जागा त्याच्या मित्रांनी तुला दाखवली होती. तू साडी सावरत खाली उतरलीस. तिथे एक खळगा होता, तळाला वाळकी पानं साचलेली. तू त्यात उभी राहिलीस. त्याची कड तुझ्या खांद्यालाही लागत नव्हती.

"एवढ्यात गेलो माझो झील?" तू मला विचारलंस. "एवढ्याशा खड्ड्यात?"

तू बराच वेळ दगडांना धरधरून पुढे-मागे फिरत राहिलीस. कुठेतरी याहून खोल जागा सापडावी, असंच वाटत असणार तुला.

मे महिन्यात गावी गेलो. दुपारी सगळे आडवे झाले होते. तू मला विहिरीवर नेलंस, माझ्या पाठीला सुकलेला भोपळा बांधलास, पदर खोचलास आणि माझ्याआधी स्वतःच उडी टाकलीस. मी किंचाळले. तू वर आलीस, तोंडावरचं पाणी निपटलंस आणि आरामात हात मारत कडेला आलीस.

"आई, तुला पोहता येतं?"

"पोरपणापासून. ह्याच बावीत शिकलंय."

"मग दादाला का नाही..."

तू पायरीचा दगड धरून तशीच पाण्यात राहिलीस.

"तेका शिकवूक नाय गो. म्हटलंय, मुंबैतली पोरां जुहूक जावन पाय तेवढे भिजवतत. तेंका पोवूक कित्याक व्हया?"

विहिरीत तुझा आवाज घुमला. तू तोंड फिरवलंस. मग हात वर केलेस. "मार उडी. मी आसंय."

मी मारली. नाकातोंडात पाणी गेलं, तुझा हात पोटाखाली आला. महिनाभर तू मला रोज शिकवलंस, रागावून, घाईघाईने, जणू पाऊस यायच्या आत हे काम उरकायचं होतं. पाऊस आला आणि आपले रविवार पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या वर्षी झाले, तिसऱ्या वर्षीही. पुढे तुझ्याने चढ चढवेना, तेव्हा आपण गेटच्या आत झाडाखाली बसून यायचो. मी कॉलेजात जायच्या आधीच तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय.

लेकीला हे सगळं कधीतरी सांगेन. एक मात्र तुलाच सांगते, आणि तेही हा कागद कुठेच जाणार नाही म्हणून. आई, दादाचा चेहरा मला आता आठवत नाही. फोटोतला आठवतो, केस चोपडून बसवलेला. पण घरात वावरणारा, माझी वेणी ओढणारा दादा डोळ्यांपुढे आणायला जाते, तर दर वेळी तूच येतेस. तू असतीस, तर हे मी तुला कधीच कळू दिलं नसतं.