बिब्ब्याचा डाग

गुरुवार, संध्याकाळ

एम.ए.च्या मुलींना आज बोरीच्या शाळेत नेलं. लेकराचा छळ ओळखायचा कसा, हे नुसतं वर्गात शिकवून काय होतं? चौथीतल्या एका पोरीच्या मनगटावर काळा गोल डाग होता. आमच्या शीतलनं तो बघितला आणि पुढं निघाली.

"बिब्बा हाय मॅडम. पोट दुखलं की चटका देतात. मलाबी दिलाय." स्वतःचं मनगट दाखवून हसलीसुद्धा. घरोघरी हेच, म्हणून कुणी विचारतच नाही.

मीच त्या पोरीला बाजूला घेतलं. पोट लय दुखायलं होतं का?

"न्हाई. परत भाकर मागितली म्हणून आईनं दिला."

बालकल्याण समितीला कळवलं, ते ठीक. पण परतताना जीपमध्ये मी शीतलला सोडलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं, तुझं पोट कधी दुखलं होतं? शिकवायला विचारलं, की रागानं?

परभणी येईपर्यंत ती तो डाग चोळत बसली. उतरताना म्हणाली, "पोटाचं घरी कुणीच म्हणत न्हाई, मॅडम. मी लय रडायची, म्हणून दिला म्हणतात."