पिवळी शाल

बोटीवरून, ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उद्या बोट धक्क्याला लागेल. तुझी बोलणी खाऊन का होईना, ही लोखंडी इस्त्री आणली ते बरं झालं. कप्तानाचे शर्ट माझ्याकडेच येतात. निखारे बॉयलरवरचा आगवाला देतो. काळाकुट्ट, अबोल, पण माझ्यासाठी निखारे निवडून काढतो. हसू नकोस. त्याची बहीण धक्क्याजवळ धुलाईचं दुकान चालवते. लग्न होईपर्यंत पत्र तिथेच टाक.

शेजारच्या मुलीला हुडहुडी भरली, म्हणून नवऱ्यामुलाने धक्क्यावर मला ओळखण्यासाठी पाठवलेली पिवळी शाल मी तिला पांघरायला दिली. काल मधल्या बंदरात चढलेला एक सफाचट दाढीचा माणूस बायकांच्या खोलीत घुसला आणि झिंज्या धरून तिला फरफटत नेऊ लागला. ही आपलीच आहे, असं ओरडत होता. मला वाटलं, प्यायलाय. तापलेली इस्त्री मी त्याच्या मनगटावर दाबून धरली. कातडं चरचरलं. ताई, मला जराही वाईट वाटलं नाही.

फोटोतला आपला दाढीवाला नवरामुलगा किती शांत दिसतो! त्याला यातलं काही सांगणार नाही. रागावून झालं की लोभ कर.

तुझी मधली

१४ एप्रिल

चि. मधलीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहितानाही हात अडखळतो. जावईबुवांचं पत्र आलं. बोटीतून उतरलीस आणि आगवाल्याबरोबर पळालीस म्हणे. निखाऱ्यांचं कौतुक वाचलं तेव्हाच मला संशय आला होता. आमच्या तोंडाला काळं फासायला एवढ्या लांब कशाला गेलीस?

माणूस मोठ्या मनाचा. सोयरीक मोडू नये म्हणून त्याने धाकटीला मागणी घातली. तिलाही तशीच पिवळी शाल आलीय, दिवसभर अंगावरून काढत नाही. पुढच्या बोटीने ती निघेल. तिच्या संसारात लुडबुड करू नकोस. जेवतेखातेस ना, तेवढं मात्र कळव.

तुझीच, ताई

धुलाईचं दुकान, २६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी पळाले नाही गं. शाल परत घेऊन, पांघरून उतरले, तर समोर तोच, मनगटाला पट्टी बांधलेला. डोळे फोटोतलेच, फक्त दाढी नव्हती. लग्नाआधीच हक्क गाजवायला बोटीवर चढला होता आणि शालीमुळे ती आजारी मुलगीच मी, असं समजला होता. धक्क्यावर त्याने माझं डोकं खांबावर आपटलं. दोन दात पडले. उजवा हात पिरगळून मोडला. बरोबरच्या बायकांनी त्याला पेट्यांनी झोडपलं, आगवाल्याने फावड्याने गुडघा फोडला, तेव्हा कुठे सुटले. हात जुळला की लिहू म्हटलं, तोवर त्याचं पत्र तुझ्याकडे पोचलं.

आगवाल्याने मला मागणी घातलीय. धाकटी सुखरूप हाती लागेपर्यंत मी हो म्हणणार नाही, असं सांगितलं. तो इस्त्रीत निखारे भरतोय.

तिची बोट उद्या लागते. तिला थांबवायला आता उशीर झालाय. रागावलीस तरी लोभ असू दे. उद्या तो लंगडत येईल आणि गर्दीत पिवळी शाल शोधेल. मीही तीच शोधणार आहे. डाव्या हाताने इस्त्री उचलायची सवय केलीय.

तुझी मधली