दाराच्या कडेची बाभळीची पट्टी

पोळ्याचा दुसरा दिवस

अण्णा, बरेच महिने तुम्हाला काही लिहिलं नाही, याचं वाईट वाटतं. कारण सांगायला बसले तर एकही धड निघत नाही. रोजच्या वहीत लिहीत होतेच; तुमच्याकडे वळून लिहावं असं काही घडलं नव्हतं, किंवा घडत होतं आणि मला ते तसं वाटलं नव्हतं. आज लिहायचं आहे ते आईच्या खोलीच्या दाराबद्दल.

ते दार तुम्हाला आठवेल. सागाचं, एका फळीचं वाटावं इतकं जड, आत उघडणारं. यंदा पावसानं पाठ सोडली नाही आणि ते फुगलं. फुगतं ते दरसालच. त्या दिवसांत त्याला खांदा लावायचा असतो हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. पण आईच्या खांद्याचं वय झालं हे कुणी धरलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात मी परभणीला कामावर गेल्यावर तिनं लुगडं बदलायला दार लोटलं, कडी घातली. नंतर कडी निघाली, दार निघालं नाही. आतून ओढायला कडीखेरीज काही नाही आणि तिच्या मनगटात आता तेवढं बळ नाही. संध्याकाळी मी पिंगळीला परत आले तेव्हा आतून रोजच्यासारखाच आवाज आला. "आलीस का? जरा दार ढकल बरं." ती पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्या आधी घालून झाल्या असाव्यात आणि पुन्हा मोडून घातल्या असाव्यात, असं मला वाटलं. पाण्याचा तांब्या आत होता, जेवण तेवढं राहिलं होतं. हाका का नाही मारल्यास म्हटलं तर म्हणाली, लोकांनी येऊन दार फोडलं असतं.

धाकट्याला मी हे फोनवर सांगितलं. सांगायला नको होतं का, ते अजून ठरत नाही. तो पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्यांना येतो आहे. येताना प्लॅस्टिकचं दार घेऊन येतो म्हणाला, फुगायचं नाही, वाळवी लागायची नाही. तोवर आतली कडी काढून टाक म्हणाला. फोन स्पीकरवर होता हे त्याला माहीत नव्हतं. "ताई, म्हाताऱ्या माणसाला कडी कशाला लागती? घरात परकं कोण हाय?" आई शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तुज्या खोलीची बी काढू. सूनबाईला सांगते मी, परकं कोण न्हाई म्हणून." तो हसला, मीही हसले. ती हसली नव्हती, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

तेव्हा दार तासायचं, एवढाच मार्ग मला दिसत होता, आणि तासायचं म्हटलं की तुम्ही समोर उभे राहता. मी कॉलेजात होते तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी अडायला लागली म्हणून भर आषाढात माळ्यावरून रंधा काढला होता. तुम्ही तेलाच्या गिरणीतून नुकतेच आला होतात, अंगाला पेंडीचा वास. रागावला नाहीत. माझ्या हातातून रंधा घेतलात, पात्यावर बोट फिरवून पाहिलंत आणि तो परत माळ्यावर ठेवलात. "लाकडानं पाणी पिलंय. आत्ता तासशील आन् उन्हाळ्यात धूळ कुठून यायलीय म्हणून मला विचारशील." दिवाळीनंतर बघू, हे तुमचं ठरलेलं उत्तर. मी ते नियम म्हणून घेतलं. नियम कुठून आला, हे विचारायचं सुचलं नाही. अभ्यासाच्या पुस्तकातल्या प्रत्येक गोष्टीवर मी शंका काढत असे. घरात ऐकलेलं मात्र तसंच ठेवून देत असे. याचं मला आता नवल वाटतं.

दिवाळीनंतर तुम्ही खरंच बघायचात. गिरणीतून जवसाच्या तेलाची बाटली यायची आणि रविवारची सकाळ त्यातच जायची. स्वयंपाकघरातली ती जाड फळी, जिच्यावर आई अजूनही भाजी चिरते, तुम्ही मीठ आणि लिंबाची फोड घेऊन घासायचात, सावलीत वाळवायचात, मग फडक्यानं तेल जिरवायचात. दारं-खिडक्यांची वरची आणि खालची कड आधी. जिथं रंग पोचत नाही तिथूनच पाणी शिरतं म्हणायचात. मी त्यातलं फळीचं काम तेवढं चालू ठेवलं. मधे एकदा जवसाचं मिळालं नाही म्हणून शेंगदाण्याचं तेल लावलं, तर फळी चिकट झाली आणि आठवडाभर कुबट वास येत राहिला. आईनं गरम पाणी आणि राखेनं ती घासून काढली. दारांच्या कडांना मात्र तुम्ही गेल्यापासून कुणाचा हात लागला नाही. हे मला माहीत होतं असं नाही, आणि नव्हतं असंही म्हणता येणार नाही.

परवा सुट्टी होती. शेजारच्या भाभी आणि मी मिळून दार बिजागऱ्यांतून उतरवलं आणि पडवीत आडवं टाकलं. त्याआधी चौकटीला खडू घासून दार दाबून पाहिलं होतं. कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत पांढरा पट्टा उठला, म्हणजे तिथंच घासत होतं. खालची कड उघडी, करडी पडलेली, बोटाला ओल लागत होती. दिवाळीपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून मी रंधा घेतला. दोन-तीन हातांतच पात्याला काहीतरी लागलं आणि दात पडला. खिळा होता, डोकं उडवलेला. रंग खरवडला तर खाली दुसरंच लाकूड निघालं, तांबूस, घट्ट. कडेला पूर्ण उंचीची, पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची पट्टी बसवलेली होती. भाभी म्हणाल्या, ही तर बाभूळ.

आई काठी टेकत पडवीत आली आणि पट्टीकडे बघून म्हणाली, "ह्यांनीच बसवलेली हाय ती." मग बसून सावकाश सांगितलं. माझ्या जन्माच्या वर्षी पावसाळ्यात हे दार अडायचं. ढकललं की किंचाळायचं आणि मी उठायचे. एके दिवशी तुम्ही भर पावसात ते तासलंत. उन्हाळ्यात एवढी फट पडली की आतलं बाहेर दिसायला लागलं. "सासूबाई रोज इचारायच्या, दार केलंय का खिडकी? मग आणली बाभळीची पट्टी." त्यानंतर दर पावसाळ्यात दार पुन्हा अडत राहिलं, आणि तुम्ही सगळ्यांना दिवाळीनंतर बघू म्हणत राहिलात.

माझ्यासाठी तासलंत, असं आई म्हणते. तिला जुन्या गोष्टी मुलांच्या नावावर मांडायची सवय आहे, म्हणून मी त्याला पुरावा मानत नाही. गिरणीच्या पाळीनंतर तुम्हालाच झोप हवी असेल. पण तुमचा नियम तुमच्याच फटीतून आला होता, एवढं त्या पट्टीवरून नक्की कळतं. त्याचा मला आनंद झाला, की माझ्या नजरेत तुम्ही थोडे लहान झालात, हे तपासून पाहिलं. दोन्ही नाही. थोडी मोकळी झाले, असं म्हणता येईल.

मग पुढे तासलंच नाही. पटाशीनं हळूहळू उचकटून ती पट्टी अख्खी काढली. दार तेवढंच अरुंद झालं, सागाला धक्का नाही. उन्हाळ्यात फट पडली की पट्टी स्क्रूनं परत बसवता येईल, आणि पाऊस लागला की काढता येईल. ती रंध्याशेजारी माळ्यावर ठेवली आहे. खालची कड वाळवून तिला तेल पाजलं. धाकट्याला कळवलं की प्लॅस्टिकचं दार आणू नकोस. तो म्हणाला, बघ बाई, पण कडीचं ध्यानात ठेव.

हे सगळं परवाच झालं. दार अजून पडवीतच भिंतीला टेकून आहे आणि चौकटीला माझी जुनी ओढणी अडकवलेली आहे. तेल वाळायचं आहे, असं मी सांगते. काल आई ओढणीआड लुगडं नेसत होती आणि तेवढ्यात दूधवाला ओसरीत येऊन उभा राहिला. ती तशीच भिंतीला चिकटून थांबली. तो गेल्यावर म्हणाली, "दार कवा बसवायलीस? मला काय गोठ्यात बांधलंय का?" लवकरच, म्हटलं मी.

तेल कालच वाळलं आहे, अण्णा. दार नसलं की मला माझ्या अंथरुणावरून तिचा श्वास ऐकू येतो, आणि या दोन रात्री मला झोप चांगली लागली. दार न बसवण्याचं कारण एवढंच आहे.

उद्या: आईच्या खोलीचं दार बसवणे, आतल्या कडीसकट.