साहेबांनी अर्क उकळला

४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाला सांग, मी जिवंत आहे, वेळेवर जेवते आणि लग्नाला अजून तयार नाही. प्रयोगशाळेत मला अखेर जागा मिळाली, मागच्या कोठारात. बाई समोर दिसली की पुरुषांचं लक्ष उडतं, असं आमच्या संचालकसाहेबांचं मत. लक्ष ज्यांचं उडतं त्यांना कोठारात बसवावं, हे काही त्यांना सुचलं नाही.

पण काम झालं गं. मोड आलेल्या बिया बर्फावर वाटून पिठाची साखर करणारा पदार्थ मी वेगळा काढला. असले पदार्थ उबेत काम करतात. माझा पठ्ठ्या बर्फातही करतो. हे अजून कुणी दाखवलेलं नाही. मात्र पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय आणि साहेब आतापासूनच ‘आपला शोध’ म्हणू लागलेत. निबंधावर नाव त्यांचं एकट्याचं, माझे म्हणे आभार मानणार. रागाने झोप लागत नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कोठारातली नणंद

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं, लग्नाचं तेवढं गाळून. हे म्हणाले, मोठा माणूस आभार मानतोय हेच पुष्कळ. नाव मिळत नसेल तर तिने बाडबिस्तरा गुंडाळून घरी यावं. आभाराचं मला नका सांगू. रांधते मी, पाहुणे वाखाणतात ह्यांचा पाहुणचार, आणि जाताना माझे आभार मानतात. तुम्ही नाव सोडू नका.

हातमोजे विणून पाठवतेय. एकाला सहा बोटं झालीत. शास्त्रज्ञ आहात, उपयोग शोधा.

माया असावी.

आपली,
वहिनी

१८ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल समिती आली. प्रयोग साहेबांनी स्वतः करायला घेतला. पीठ आणि आयोडीन घातलेल्या बर्फगार निळ्या पाण्यात बियांचा अर्क टाकायचा, हळूहळू निळा रंग जातो, एवढंच. साहेबांनी अर्क आधी उकळायला ठेवला, जंतू मरावेत म्हणून. जंतूंबरोबर तो पदार्थच मरतो, हे कधी कोठारात डोकावले असते तर कळलं असतं. मी म्हटलं, साहेब, उकळू नका. त्यांनी मला चहाचं बघायला सांगितलं. मी चहाचं बघायला गेले.

परत आले तर पाणी निळंशार आणि साहेब पांढरेफटक. म्हणाले, बाईंनी अर्क बिघडवला. ‘आपला’ शोध एका क्षणात माझा एकटीचा झाला. मी म्हटलं, हो, अर्क माझाच आहे, आणि बर्फातला उरलेला आणून टाकला. रंग गेला. अध्यक्षांनी विचारलं, मघाशी का नाही गेला? साहेब छत न्याहाळू लागले. उत्तर मी दिलं. अध्यक्ष म्हणाले, निबंध बाईंच्या नावानेच जाईल.

आठवण ठेव.

तुझीच,
नणंद

२ जुलै

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार वि. वि.

निबंध मिळाला. एक अक्षर कळलं नाही, तरी दोनदा वाचला. तुमचं नाव पुरतं छापलंय, आणि एकटीचं. हे तो खिशात घालून गावभर हिंडतात, तिला मीच शिकवलं म्हणून सांगतात. घरी कधी येणार, हे आता विचारत नाहीत.

मला फार आनंद झाला, आणि खरं सांगते, हेवाही वाटला. माझं नाव एकदाच छापलं गेलं, लग्नपत्रिकेत. त्यानंतर ते कुणी उच्चारलंही नाही. सगळ्यांची मी वहिनी, तुमचीसुद्धा. तेव्हा पुढचं पत्र माझ्या नावाने घाला. आठवत नसेल तर दादांना विचारा. त्यांनाही जरा आठवावं लागेल.

आपली, तूर्तास,
वहिनी