स्वतःच्याच घराचे कुलूप तोडण्याच्या आदेशाबाबत

प्रति,
मा. वसुली अधिकारी,
तारण मालमत्ता ताबा विभाग,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : अपिलाची हुकलेली मुदत माफ होऊन अर्जदाराच्या राहत्या घराचा उद्याचा ताबा थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) आपली ताबा नोटीस. २) त्याच घराचे कुलूप तोडण्याचा आपलाच काम-आदेश.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय कळवण्यात येते की, अर्जदार व्यवसायाने कुलूपवाला असून गेली एकोणीस वर्षे आपल्या विभागाच्या पॅनेलवर आहे. कर्ज थकलेल्या घराचा ताबा घेताना पंच, पोलीस आणि आपले कारकूनसाहेब यांच्या मागे हत्यारांची पिशवी घेऊन जो इसम उभा असतो, तोच सदर अर्जदार. कामात कसूर केल्याची एकही नोंद नाही. एकदा एका दाराची चौकट खरवडली गेली होती, ती त्याने पदरमोड करून रंगवून दिली.

२. मुदत का हुकली, याचा खुलासा असा की, प्रत्येक ताबा नोटिशीची एक प्रत माहितीसाठी कुलूपवाल्याच्या दुकानी येते. पाकीट तेच, शिक्का तोच. अर्जदार या प्रती न उघडता खिळ्याला अडकवतो, कारण दुसऱ्याचे घर जात असल्याचा कागद वाचणे त्याला जमत नाही, आणि तारीख पुढे काम-आदेशात कळतेच. स्वतःचे हप्ते थकलेत हे त्याला ठाऊक होते, परंतु घराची नोटीस घरी येईल अशी त्याची समजूत. कर्जाच्या कागदावर पत्ता दुकानाचा होता. सबब चार महिन्यांपूर्वी आलेली स्वतःची नोटीस त्याने स्वतःच्या हाताने इतरांच्या नोटिशींबरोबर अडकवली आणि अपिलाचे पंचेचाळीस दिवस तिथेच संपले.

३. काल दुपारी काम-आदेश आला. कोणती हत्यारे न्यायची हे ठरवण्यासाठी अर्जदार आधी कुलपाचा रकाना वाचतो. 'पितळी, सात लिव्हरचे, चावी उलटी फिरते' असे वाचून, बसवणारा जाणकार दिसतो, असे त्याच्या मनात आले. मग पत्ता वाचला. त्यानंतर त्याने खिळ्यावरची सगळी पाकिटे उतरवून एकेक उघडले आणि त्यांत स्वतःची नोटीस सापडली.

४. हप्ते का थकले, हेही लिहिणे भाग आहे. लोक आता आकडे दाबून उघडणारी कुलपे बसवतात, त्यामुळे अर्जदाराची खात्रीची कमाई म्हणजे आपल्या विभागाचे काम. गेल्या वर्षी विभागाने ताबे कमी घेतले. ही कर्जदारांवर मेहेरबानीच झाली, पण एक कर्जदार त्यात बुडाला. शिवाय अर्जदाराची सात महिन्यांची बिले आपल्यापासून दोन खोल्या सोडून लेखा शाखेत पडून आहेत. ती मिळाली तर थकबाकी जवळजवळ फिटते. लेखापाल म्हणतात, "साहेबांची सही झाली की चेक निघेल." साहेब म्हणजे आपणच.

५. येथे एक कबुली देणे आवश्यक वाटते. कुलूप उघडताना अर्जदार घरच्यांच्या कानात हळूच सांगत आला आहे, "अजून अपील करता येईल," "एकरकमी तडजोड मागून बघा," "दिवाळखोरीचा अर्ज टाका, स्थगिती मिळेल." हे पॅनेलच्या नियमात बसत नाही, पण निदान तीन घरे त्यामुळे वाचली. आता स्वतःसाठी तो तेच मार्ग पायपीट करून पाहून आला. अपिलाची मुदत गेली. तडजोडीला रक्कम एकदम लागते. दिवाळखोरीला वकील म्हणाले, "आधी फी भरा, मग तुमच्याकडे काही नाही हे सिद्ध करू." आणि दिवाळखोर ठरल्यास पॅनेलवरून नाव आपोआप कमी होते. अर्जदाराची बायको म्हणाली, "लोकांच्या दारात उभं राहून कायदा सांगत होता ना? आता घरात सांगा."

६. उद्या गैरहजर राहावे तर पॅनेल रद्द, म्हणजे उरलेसुरले हप्ते भरण्याची कमाईही गेली. हजर राहावे तर बायको आतून कडी लावून बसणार आहे आणि ती बोलल्याप्रमाणे करते. कुलूप तोडण्यापूर्वी कर्जदाराला नावाने तीनदा मोठ्याने हाक मारणे हे नियमाने कुलूपवाल्याचे काम. म्हणजे शेजाऱ्यांदेखत अर्जदाराने स्वतःलाच हाका मारायच्या आणि कोणी ओ देत नाही, असे पंचनाम्यात लिहून द्यायचे. महोदय, अर्जदार घाबरला आहे. एकोणीस वर्षांत इतक्या दारांशी उभे राहूनही आतल्या माणसाला काय होते, हे त्याला कालपर्यंत खरोखर कळले नव्हते.

७. तरी नम्र विनंती की, नोटीस काल वाचली असे धरून अपिलाची मुदत द्यावी, प्रलंबित बिले थकबाकीत वळती करावीत आणि तोवर ताबा स्थगित ठेवावा. यांपैकी काहीच बसत नसेल, तर उद्या सकाळी अकरा वाजता अर्जदाराने दाराच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, एवढे तरी लेखी कळवावे.

आपल्या पॅनेलवरचाही आणि आपल्या यादीतलाही,
नम्र अर्जदार
(सही)
कुलूपवाला, पॅनेल क्रमांक ४

दिनांक : १४, दुपारी सव्वातीन (आवक खिडकी पाचला बंद होते, म्हणून हातोहात)

सोबत :
१) ताबा नोटीस, मूळ प्रत
२) काम-आदेश
३) प्रलंबित बिलांच्या पोचपावत्या, सात
४) घराच्या चाव्या जोडलेल्या नाहीत.